जहाजावर अडकलेल्या भावाची केस फुकट लढलेल्या वकीलबाई : आमचा अनुभव

गेल्या वर्षभरात मला निदान दहा जणांनी विचारलं असेल की तुझ्या भावाला त्या जहाजावरून नक्की कोणी सोडवलं, किती पैसे घेतले, फुकट म्हणजे खरंच फुकट का, आणि नंबर दे. प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं म्हणून एकदाच सगळं लिहून काढते. बाईंचं नाव लिहीत नाही कारण उरलेल्या पगाराची केस अजून चालू आहे आणि तिथे जहाजावरच्या बाकीच्या पोरांचीही नावं आहेत. बाई लंडनला असतात, मानवी हक्कांच्या केसेस करतात, त्यातल्या बऱ्याच प्रो बोनो म्हणजे बिनफीच्या. आमची पण तशीच.

आधी थोडं मागचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. आम्ही गुहागरकडचे. आमच्या वाडीत दर दोन घरांमागे एक जण शिपवर, त्यामुळे भावाने ऑयलर म्हणजे इंजिनरूममधला कामगार म्हणून जायचं ठरवलं तेव्हा कोणाला काही वेगळं वाटलं नाही. नवी मुंबईतल्या एका एजंटने अडीच लाख घेतले आणि मार्च २०२३ मध्ये आखातातल्या एका छोट्या टँकरवर चढवलं, पगार ६०० डॉलर. आता कळतंय की नोकरी लावायचे पैसे खलाशाकडून घ्यायचेच नसतात. मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन, २००६ नावाचा जो करार आहे, जो भारताने ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्य केला, त्यात हे स्पष्ट आहे, खलाशाने पासपोर्ट, मेडिकल, सीडीसी (खलाशाचं नोंदणी पुस्तक) एवढ्याचाच खर्च करायचा. आणि एजंटकडे डीजी शिपिंगचं, म्हणजे जहाजांच्या सरकारी खात्याचं, आरपीएसएल (खलाशी भरती करायचं) लायसन्स आहे का हे वेबसाइटवर बघता येतं. आम्ही बघितलं नाही. कोणी घरातलं निघालं असेल तर आधी ते बघा, बाकी सगळं नंतर.

मार्च, एप्रिल, मे पगार आला. जूनपासून बंद. ऑगस्टमध्ये जहाज बंदराबाहेर अँकरेजला, म्हणजे नांगर टाकून, उभं केलं ते उभंच. मालक फोन उचलेना. डिझेल संपत आलं म्हणून जनरेटर रोज संध्याकाळी दोन तास चालवायचे, तेवढ्यात फोन चार्ज करायचे आणि डोक्यावरच्या एसीचं जे पाणी ठिबकतं ते बादलीत धरून त्यावर अंघोळ. प्यायचं पाणी बाटलीने मोजून. भावाने एकदा फोटो पाठवला होता, तांदळाच्या गोणीचा, गोणीच्या तळाशी हात घातलाय आणि मनगटापर्यंत पण तांदूळ नाही.

लोक विचारतात मग उतरून का नाही आला. तिथेच सगळी मेख आहे. पासपोर्ट त्याच्याकडे नाही, किनाऱ्यावर उतरायची परवानगी नाही, आणि जहाजावर ठरावीक माणसं असल्याशिवाय बंदरवाले कोणाला सोडत नाहीत कारण जहाज सुटलं, वाहत गेलं तर जबाबदार कोण. म्हणजे बदली माणूस आल्याशिवाय सुटका नाही आणि बदली माणूस पाठवणार तो मालकच गायब. इजिप्तमध्ये सुएझजवळ एमव्ही अमान नावाच्या जहाजावर एक सीरियन चीफ ऑफिसर असाच जवळपास चार वर्षं अडकला होता, कोर्टाने त्याला जहाजाचा राखणदार म्हणून नेमलं होतं, शेवटी तर एकटाच राहायचा आणि फोन चार्ज करायला पोहत किनाऱ्यावर यायचा. २०२१ मध्ये सुटला. हे मी रात्री दोन वाजता वाचलं होतं आणि सकाळपर्यंत झोप लागली नाही.

आम्ही सगळीकडे गेलो. परराष्ट्र खात्याच्या मदद पोर्टलवर तक्रार टाकली, नंबर मिळाला. वकिलातीला मेल केले. एजंटच्या ऑफिसला गेलो तर शटर बंद. जहाजाचा झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशातला, ऑफिस तिसऱ्या, जहाज उभं चौथ्याच्या पाण्यात आणि माणूस आमचा, त्यामुळे ज्याला विचारावं तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. तेव्हा वाटायचं आमच्यावरच ही वेळ आलीय. तसं नाहीये. आयटीएफने म्हणजे वाहतूक कामगारांच्या आंतरराष्ट्रीय फेडरेशनने २०२४ चे आकडे दिलेत, त्या एका वर्षात ३१२ जहाजांवर ३,१३३ खलाशी असे वाऱ्यावर सोडले गेले आणि त्यात सगळ्यात जास्त भारतीय, ८९९.

बाईंचा मेल आयडी मिळाला तो कांजूरमार्गला, डीजी शिपिंगच्या ऑफिसबाहेर. मी रजा टाकून डोंबिवलीहून गेले होते, बाहेर चहाच्या टपरीवर एक रिटायर्ड चीफ इंजिनीयर भेटले, माझ्या हातातली फाइल बघून त्यांनीच विचारलं आणि एका कागदावर मेल लिहून दिला. म्हणाले, ह्या बाई पैसे घेत नाहीत पण काम करून घेतात, तयारी ठेव.

घरी सांगितलं तर काकांचं पहिलं वाक्य, एवढी मोठी वकील फुकट कशाला येईल. मग कोणीतरी हरीश साळव्यांचं नाव काढलं, आपले नागपूरचे, कुलभूषण जाधवांची केस त्यांनी एक रुपयात लढवली होती, हेगच्या कोर्टाने १७ जुलै २०१९ ला पंधरा विरुद्ध एक मतांनी निकाल दिला की पाकिस्तानने जाधवांना भारताच्या वकिलातीला भेटू न देऊन व्हिएन्ना करार मोडला. मग काय, सगळ्यांना वाटायला लागलं आपली पण केस हेगला जाणार. मी बाईंना पहिल्याच कॉलवर हे विचारलं सुद्धा. त्यांनी नीट समजावलं, त्या कोर्टात फक्त देश विरुद्ध देश जाता येतं, एकटा माणूस तिथे दाद मागू शकत नाही, तुझ्या भावासाठी ते दार नाही, आपली दारं वेगळी आहेत आणि लहान आहेत, पण ती उघडतात.

जानेवारी २०२४ मध्ये मी पहिला मेल केला होता. दोन दिवसांत उत्तर आलं आणि त्यात धीर देणारं एकच वाक्य, बाकी सतरा प्रश्न. जहाजाचा आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख नंबर) काय, कराराची कॉपी आहे का, शेवटचा पगार कोणत्या तारखेला आला, शेवटचं ताजं पाणी कधी भरलं, पासपोर्ट शेवटचा कोणाच्या हातात बघितला, कोणाला औषधं लागतात का. मला खरं सांगायचं तर तेव्हा वाईट वाटलं, म्हटलं माझा भाऊ तिकडे मरतोय आणि ह्या फॉर्म भरून घेतायत. आता वाटतं की त्या सतरा प्रश्नांपासूनच तो सुटायला लागला.

त्यानंतर एंगेजमेंट लेटर आलं, चार पानी. आपल्याकडे वकीलपत्रावर सही करतो तसं, पण ह्यात वकील काय करणार, काय करणार नाही, कधी सोडून जाऊ शकतो, माहिती कोणाला देणार, सगळं लिहिलेलं. फी च्या जागी शून्य. आणि एक कलम असं की क्लायंट म्हणजे भाऊ, मी नाही. बाईंनी ते तोंडी पण सांगितलं, की तू मेल करतेस, कागद पाठवतेस, सगळी धावपळ तुझी आहे हे मला दिसतंय, पण मी त्याची वकील आहे, त्याने मला सांगितलेलं त्याच्या परवानगीशिवाय तुला सांगणार नाही. मी त्या दिवशी फोन ठेवून रडले. लहानपणापासून त्याचं सगळं मी केलंय, फी मी भरली, अडीच लाखांतले दीड लाख माझ्या पगारावरच्या कर्जाचे, आणि ही बाई मला सांगतेय की तू क्लायंट नाहीस. पण ह्या एका गोष्टीसाठीच मी हा अनुभव लिहायला बसलेय, पुढे सांगते का ते.

पहिल्या व्हिडिओ कॉलला दुभाषी मीच होते. भावाचं इंग्रजी जहाजावर कामापुरतं चालतं, पण मनातलं सांगायला पुरत नाही. बाईंनी विचारलं रात्री झोप लागते का. तो बराच वेळ बोलला, म्हणाला ताई, दोनदा रेलिंगपाशी जाऊन उभा राहिलो होतो, मग आईचा चेहरा आला. मी ते इंग्रजीत सांगितलंच नाही. मी सांगितलं, झोप नीट लागत नाही म्हणतोय. माझ्या तोंडून ते वाक्य निघेना. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, तो एक मिनिट बोलला आणि तू चार शब्द सांगितलेस. रागाने नाही, अगदी हळू. पुढच्या कॉलला त्यांनी एक मराठी दुभाषी आणली, तिकडे शिकणारी मुलगी, ती पण बिनपैशाची, आणि मला कॉलमधून बाहेर ठेवलं. त्याच दिवशी भावाला सीफेअररहेल्प ह्या हेल्पलाइनचा नंबर दिला, ती चोवीस तास चालते, मोफत आहे, आणि नंतर तो तिथल्या माणसाशी हिंदीत बऱ्याच वेळा बोलला. केस पुढे गेली नसती तरी एवढ्यासाठी मी त्यांचे उपकार विसरले नसते.

आता कामाचं सांगते. मला वाटायचं मानवी हक्कांचे वकील म्हणजे कोर्टात जोरजोरात भाषण. चार महिन्यांत मी बाईंना एकदाही आवाज चढवताना ऐकलं नाही. त्यांचं सगळं काम तारखांवर. एक तक्ता करायला लावला, तारीख, काय झालं, कोणी बघितलं, पुरावा काय. भाऊ रोज संध्याकाळी जनरेटरच्या दोन तासांत व्हॉइस नोट पाठवायचा आणि मी रात्री जेवणं आटोपल्यावर ती ऐकून तक्त्यात भरायची. पगार आला नाही ह्याला पुरावा काय, तर बँकेचं स्टेटमेंट. मी पतपेढीत काम करते म्हणून पासबुकाच्या एंट्र्या मारून फोटो पाठवले, तर परत आले, शिक्का आणि सही असलेलं स्टेटमेंट पाहिजे. गावच्या शाखेत आई गेली, दोन खेपा घातल्या, मिळालं.

आणि मग ते सर्टिफिकेट. बाईंनी भावाला विचारलं की मेसरूममध्ये, म्हणजे जेवायच्या खोलीत, भिंतीवर काय काय लावलंय सगळ्याचे फोटो काढ. त्याने काढले, फायर प्लॅन, सेफ्टीचे पोस्टर, जुनं कॅलेंडर, आणि पाण्याच्या मशीनच्या मागे अर्धं झाकलेलं एक लॅमिनेट केलेलं पान. तेच पाहिजे होतं. झालंय असं की १८ जानेवारी २०१७ पासून त्या कन्व्हेन्शनमध्ये नवीन नियम लागू आहेत, मालकाने खलाशांना वाऱ्यावर सोडलं तर खर्च कोण देणार ह्याचा विमा किंवा हमी जहाजाकडे असलीच पाहिजे आणि त्याचं सर्टिफिकेट सगळ्यांना दिसेल असं जहाजावर लावलं पाहिजे. दोन महिने पगार थकला तरी मालकाने संबंध तोडले, खलाशाला सोडून दिलं असं धरतात. मग अन्न, पाणी, इंधन, औषधपाणी, घरी परत यायचं तिकीट आणि थकलेल्या पगारापैकी जास्तीत जास्त चार महिन्यांचा पगार विमा कंपनीने द्यायचा. अकरा माणसं सहा महिने त्या मशीनमधून पाणी भरत होती आणि सुटकेचा कागद त्याच्या मागे होता. कोणाला माहीतच नव्हतं.

विमा कंपनीने लगेच हात वर केले. म्हणाले मालकाने हप्ता भरला नाही, आम्ही ऑक्टोबरमध्येच पॉलिसी रद्द केली. माझे तर पायच गळाले. पण इथे तो तक्ता कामी आला. जून, जुलै दोन्ही पगार थकले म्हणजे जुलैअखेर दोन महिने भरले, ऑगस्टमध्ये जहाज सोडून दिलेलं, म्हणजे घटना रद्द व्हायच्या आधीची. शिवाय रद्द करायचं असेल तर ज्या देशाचा झेंडा आहे त्या सरकारला निदान तीस दिवस आधी कळवावं लागतं, ते कळवल्याचा कागद दाखवा. बाईंनी एका पानाचं पत्र लिहिलं, मला कॉपी आली होती भावाच्या परवानगीने. एकही विशेषण नाही त्यात. तारखा, कलमं, मागे पुराव्यांचे नंबर, आणि शेवटी उत्तर कधीपर्यंत पाहिजे ती तारीख. तेच पत्र झेंड्याच्या देशाला, बंदराला, आपल्या वकिलातीला आणि डीजी शिपिंगला. आयटीएफमार्फत प्रकरण आयएलओ (आंतरराष्ट्रीय कामगार संघटना) आणि आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) मिळून जी सोडलेल्या जहाजांची यादी ठेवतात तिच्यात गेलं. ही यादी कोणालाही बघता येते आणि कुठल्या देशाने काय उत्तर दिलं ते पण त्यात दिसतं, त्यामुळे इतके महिने गप्प असलेले लोक उत्तरं द्यायला लागले. मला हे सगळ्यात शिकण्यासारखं वाटलं. आधी आम्ही दहा ठिकाणी दहा वेगवेगळ्या तक्रारी केल्या होत्या, रडून, हात जोडून. बाईंनी एकच गोष्ट सगळ्यांना एकाच शब्दांत कळवली, म्हणजे कोणाला दुसऱ्याकडे बोट दाखवायला जागा नाही.

एक दिवस त्यांनी भावाला आयएलओचे वेठबिगारीचे निकष वाचून दाखवायला लावले दुभाषी मुलीकडून. अकरा आहेत, फसवणूक, हालचालीवर बंधन, एकटं पाडणं, कागदपत्रं काढून घेणं, पगार अडवणं, कर्जात अडकवणं वगैरे. तो एकेकाला हो म्हणत गेला. नंतर मला म्हणाला, ताई मला इतके दिवस वाटत होतं माझं नशीब फुटकं, हे तर आधीच कोणीतरी लिहून ठेवलंय, म्हणजे हे गुन्ह्यात मोडतं. आवाज बदललेला होता त्याचा. त्या आधारावर संयुक्त राष्ट्रांच्या गुलामगिरीविषयक विशेष प्रतिनिधींकडे पण माहिती गेली. बाईंनी आधीच बजावलं होतं की त्यातून लगेच सुटका होईल अशी आशा धरू नका, तिकडून सरकारला पत्र जाऊ शकतं आणि उत्तराला साठ दिवस असतात, आपण ते नोंद व्हावी म्हणून करतोय.

आता ती मार्चमधली गोष्ट. मालकाचा माणूस, जो इतके महिने फोन उचलत नव्हता, त्याने थेट मला व्हॉट्सअप कॉल केला. दोन महिन्यांचा पगार, १,२०० डॉलर, आणि तिकीट, परवा विमान, फक्त एका कागदावर सही, की सगळा हिशोब मिटला, काही देणं नाही. आई माझ्या शेजारी बसलेली. ती म्हणाली, बाय, सही करू दे त्याला, पैसे काय पुन्हा मिळतील, पोर घरी येऊ दे. मलाही तेच वाटत होतं. मी बाईंना फोन करून सांगितलं की आम्ही तयार आहोत. त्या म्हणाल्या, तू तयार आहेस, मी त्याला विचारते. आणि नंतर तो काय म्हणाला हे मला सांगायला नकार दिला. मी ओरडले त्यांच्यावर, म्हटलं तुम्हाला आई आहे का. त्यांनी ऐकून घेतलं.

दोन दिवसांनी भावानेच फोन केला. बाईंनी त्याच्यापुढे दोन्ही वाटा मांडल्या होत्या, सही केली तर काय मिळेल, कशावर पाणी सोडावं लागेल, नाही केली तर किती दिवस लागू शकतात, सगळ्यात वाईट काय होऊ शकतं. आणि म्हणाल्या, सही केलीस तरी मी तुझीच वकील राहीन, मला वाईट वाटणार नाही, कागद मात्र मी आधी वाचेन. तो म्हणाला, ताई मी थांबतो. मी म्हटलं वेडा आहेस का. तर म्हणाला, वर्षभर सगळे मला काय करायचं ते सांगतायत, एजंट, कॅप्टन, मालक, तू पण. पहिल्यांदा कोणीतरी विचारलं तुला काय पाहिजे. ह्यावर मला काही बोलता आलं नाही. तेव्हा मला ते कलम समजलं, क्लायंट तो आहे, मी नाही. फुकट काम करणारे बरेच जण आपल्याला बिचारे समजतात, मदत करतात पण निर्णय स्वतः घेतात. ह्या बाईंनी त्याला पैसे देणाऱ्या मोठ्या कंपनीच्या साहेबाला जसं विचारतील तसं विचारलं.

पुढे सहा आठवडे लागले. विमा कंपनीने शेवटी मान्य केलं. बंदराच्या एजंटने जहाज सांभाळायला दुसरी माणसं आणली आणि २७ एप्रिल २०२४ ला भाऊ उतरला. पहाटेचं विमान मुंबईला, मी आणि काका घ्यायला गेलो होतो. बॅग नव्हती, एक सिमेंटच्या पिशवीसारखी पिशवी आणि बॉयलर सूट. गाडीत बसल्यावर पहिली गोष्ट काय केली असेल तर पाण्याची बाटली उघडून अख्खी प्यायला, मग दुसरी. आम्ही कोणी काही बोललो नाही.

पैशाचा हिशोब सांगते कारण सगळे तेच विचारतात. जून ते एप्रिल अकरा महिने, ६,६०० डॉलर थकले. विम्यातून चार महिन्यांचे २,४०० मिळाले. उरलेले ४,२०० मिळालेले नाहीत. ते जहाजावर बोजा म्हणून तिथल्या कोर्टात आहेत, जहाज लिलावात गेलं तर पैशात खलाशांच्या पगाराचा नंबर बऱ्याच वरचा असतो. आपल्याकडेही २०१७ चा अ‍ॅडमिरल्टी म्हणजे जहाजांवरच्या दाव्यांचा कायदा आहे, १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेला, त्यात पगाराचा हक्क सगळ्यात आधी धरलाय आणि जहाज आपल्या पाण्यात असेल तर मुंबई हायकोर्ट ते अटकवून ठेवू शकतं. भावाचं जहाज आपल्या पाण्यात असतं तर मार्ग सोपा झाला असता असं बाईच म्हणाल्या.

ज्या गोष्टी मला खटकल्या त्या पण लिहिते, नाहीतर कोणी जास्तच अपेक्षा ठेवून जाईल. एक तर वेळ. बाई दिवसा पैशाच्या केसेस करतात, आमचं काम त्यांच्या संध्याकाळी, म्हणजे आपल्याकडे रात्री अकरा-साडेअकरा. सकाळी सहाची लोकल पकडणाऱ्याला हे जड जातं, फेब्रुवारीत तर मी ऑफिसात दोनदा टेबलावर डोकं ठेवून झोपले. मध्ये एकदा आठ दिवस त्यांचं उत्तरच नव्हतं, दुसरी केस सुरू होती, आधी सांगितलं असतं तर आम्ही इतके घाबरलो नसतो, हे मी त्यांना सांगितलं आणि त्यांनी माफी मागितली. दुसरं, त्यांना तिथल्या कोर्टात उभं राहता येत नाही, परदेशी वकील कुठल्याही देशात जाऊन केस लढू शकत नाही, म्हणून तिथला स्थानिक वकील लागला, त्यानेही फी घेतली नाही पण कोर्टाचा खर्च, भाषांतर, कुलमुखत्यारपत्र साक्षांकित करणं ह्याला पैसे लागतात. आमचे अकरा हजार गेले. म्हणजे वकिलाची फी शून्य, केसचा खर्च शून्य नाही. तिसरं, त्यांनी कॅप्टनची केस घेतली नाही. पोरांचा कॅप्टनवर पण आरोप होता की पासपोर्ट त्याने दाबून ठेवले, तर दोन्ही बाजू एकाच वकिलाला घेता येत नाहीत, त्याला दुसरा वकील शोधून दिला. तेव्हा आम्हाला तो फालतू घोळ वाटला होता, पण कॅप्टनही शेवटी आमच्यासारखाच अडकलेला माणूस होता, त्याचीही बाजू कोणीतरी मांडायला हवी होती. चौथं, टीव्हीवाल्यांना मुलाखत द्यायला त्यांनी मनाई केली नाही पण थांबा म्हणाल्या, विम्याचं उत्तर येईपर्यंत. माझ्या आत्तेभावाने ऐकलं नाही आणि व्हिडिओ टाकला, तर मालकाच्या माणसाने दोन दिवस पाण्याची बोट पाठवली नाही. मग तो व्हिडिओ डिलीट करायला लावला.

सगळ्यांना लंडनची वकील मिळणार नाही आणि सगळ्यांना लागतही नाही. आपल्याकडे जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरण असतं, १९८७ च्या कायद्याने, तिथे बायकांना, मुलांना, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, कोठडीतल्या माणसांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा. एजंटविरुद्धची फसवणुकीची तक्रार मी तिथूनच केली, रत्नागिरीला, माझ्या नावाने, कारण पैसे माझ्या खात्यातून गेले होते. तिथले वकीलसाहेब तरुण होते, बाईंचा तक्ता बघून म्हणाले हा कोणी केला, मी म्हटलं मी. केंद्र सरकारची न्याय बंधू म्हणून पण योजना आहे, स्वेच्छेने बिनफी काम करणारे वकील जोडून देतात. आपल्याकडे वकिलांना जाहिरात करायला बंदी आहे त्यामुळे चांगली माणसं जाहिरातीत दिसत नाहीत, तोंडी विचारतच जावं लागतं.

स्टार द्यायचे तर पाच. आठ दिवसांच्या गप्प बसण्याचा अर्धा कापणार होते, पण भाऊ म्हणाला कापू नको.

तो आता जूनपासून दाभोळला एका वर्कशॉपमध्ये आहे, बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. परत शिपवर जायचं म्हणतोय, आई नको म्हणते, बघू. बाईंचा मेल अजूनही महिन्यातून एकदा येतो, कोर्टाची पुढची तारीख आणि काय झालं ते तीन-चार ओळींत, त्याच्या नावाने, माझी फक्त कॉपी. गेल्या महिन्यात पहिल्यांदा त्याने स्वतः उत्तर लिहिलं, मला दाखवलं नाही, पाठवल्यावर सांगितलं.

कोणाच्या घरी अशी वेळ आली असेल तर तारखांच्या त्या तक्त्याचा कोरा नमुना माझ्याकडे मराठीत करून ठेवलाय, सतरा प्रश्न पण भाषांतर करून ठेवलेत. मागा, पाठवते. आणि जहाजावरच्या माणसाला आजच सांगा, मेसरूममधल्या सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेव, मशीनच्या मागचे पण.